तातीची पारख

लग्न होऊन देवळालीला आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मागच्या अंगणात गेले आणि तशीच परत फिरले. दोन खांबांच्या मध्ये ओल्या, पिवळसर दोऱ्या ताणून बांधलेल्या होत्या. खाली घमेल्यात बकऱ्यांची आतडी भिजत पडली होती, आणि त्या सगळ्याला एक वास होता. नांदगावला माझ्या माहेरी मटण खायचे, पण ते कधीतरी, आणि कापून आणलेलं. स्थळ बघून आल्यावर वडिलांनी मला एवढंच सांगितलं होतं की घरात तातीचा धंदा आहे, मुलगा मात्र कंपनीत आहे. तात म्हणजे काय, हे मी विचारलंही नव्हतं.

तात म्हणजे आतड्याची दोरी. धनुष्याला लागते ती. पिंजाऱ्याचं पिंजण म्हणजे एक मोठं धनुष्यच असतं. त्याची तात कापसात धरायची, वरून लाकडी मोगरी मारायची, की तात थरथरते आणि दबलेला कापूस फुलून वर येतो. जुन्या नाशकातले, सिन्नरचे, पार मनमाडपर्यंतचे पिंजारी आमच्याकडून ताती न्यायचे. पेठकडचा एक म्हातारा वर्षातून एकदा यायचा, तो तिरकामठ्यासाठी बारीक तात न्यायचा. तो आपलं धनुष्य सोबतच आणायचा, अंगणातच तात चढवायचा आणि बाण न लावता कानापर्यंत ओढून बघायचा. बाजारातली नायलॉनची दोरी थंडीत एक आणि उन्हात एक वागते, असं त्याचं म्हणणं होतं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. सकाळी सायकलला डबे अडकवून ते कॅम्पातल्या मटणाच्या दुकानांतून आतडी आणायचे. मिलिटरीच्या वस्तीमुळे तिथं मालाला तोटा नव्हता. मग आतडी उलटी करून धुवायची, राखेच्या पाण्यात भिजवायची, बांबूच्या कामटीनं चरबी आणि बुळबुळीत अस्तर खरवडून काढायचं. जेवढी जाड तात हवी तेवढी आतडी एकत्र घ्यायची आणि ओली असतानाच लाकडी चाकावर पीळ द्यायचा. शेवटी सावलीत ताणून वाळवायची आणि गोणपाटाच्या तुकड्यानं घासून तेलाचा हात फिरवायचा. हे सगळं मामा करायचे. खरवडण्याला मदत लागली तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बसायच्या.

पण शेवटचं काम फक्त आत्याबाईंचं होतं. वाळलेली तात ताणून धरायची आणि अंगठ्याच्या नखानं छेडायची. कुठं खरवडताना पातळ झाली असेल, कुठं आतडं आधीच कुजायला लागलेलं असेल, तर ते डोळ्याला दिसत नाही, पण आवाजात कळतं. चांगली तात एका सुरात वाजते आणि हळूहळू थांबते. खराब तात मधेच फाटते, नाहीतर लवकर विझते. आत्याबाई मान किंचित डावीकडं कलती करायच्या, ऐकायच्या, आणि तात एका नाहीतर दुसऱ्या बाजूला ठेवायच्या. मामांना यातलं काही कळत नसे. "मला सगळ्या सारख्याच वाजत्यात," ते पिंजाऱ्यांना सांगायचे, आणि हे सांगताना त्यांना अभिमान वाटायचा. त्यांच्या तातीचं नाव होतं ते आत्याबाईंच्या कानांवर होतं.

पहिलं वर्ष मी मागच्या अंगणापासून लांब राहिले. आत्याबाईंनी मला एकदाही बोलावलं नाही. स्वैपाक माझ्याकडं होता, आणि आमचे हे सिन्नरच्या वसाहतीतल्या कारखान्यात मशीनवर कामाला होते, त्यांचा डबा पहाटे करावा लागे. घर लहान होतं, पण मला कुणाचा त्रास नव्हता. फक्त एक गोष्ट मला खटकायची. आत्याबाई मला कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या हे विचारायच्या, तेव्हा कुकर त्यांच्या शेजारीच असायचा. मला वाटायचं, सून लक्ष देते की नाही हे त्या बघताहेत.

दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीनंतर एकदा दुपारी मी अंगणाच्या कडेला गहू निवडत बसले होते. थंडी सुरू झाली की गाद्या पिंजायला निघतात, म्हणून त्या दिवसांत मागणी असायची. मामा माल पोचवायला नाशिकला गेले होते. आत्याबाई एकेक तात छेडत होत्या. एक तात अशी वाजली की माझासुद्धा हात थांबला. मधेच काहीतरी खरखरलं. आत्याबाईंनी ती चांगल्या बाजूला ठेवली. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी ती परत उचलली, पुन्हा छेडली, आणि तिचं एक टोक दातांत धरून तिसऱ्यांदा छेडली. तेवढ्यात मी बघते आहे हे त्यांच्या लक्षात आलं.

दातांतलं टोक काढून त्यांनी मला विचारलं, "तुला कशी वाजली ही?"

मी म्हटलं, "मधेच फाटल्यासारखी."

त्यांनी ती तात खराब बाजूला टाकली. मग म्हणाल्या की दोन वर्षं झाली, बारीक आवाज येत नाहीत. माणसं बोलतात ते येतं, कॅम्पात सरावाला उडवतात त्या तोफा येतात, जाड तात थोडी कळते. पाखरं गेली. कुकर गेला.

मामांना सांगायला हवं, डॉक्टरला दाखवायला हवं, असं मी म्हणायला लागले तेव्हा त्यांनी माझा हात धरला. गव्हाच्या पिठासारखे मऊ हात होते त्यांचे, तेलानं आणि चरबीनं तसे झालेले.

"सात वर्सं मला ह्या घरात कुनी माणसात धरलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "दोरी वाजवून दाखवली तवा धरलं. तू सांगू नको. कुनालाच सांगू नको."

मी नाही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी माझं निवडणं-टिपणं मी त्यांच्यासमोर बसून करायला लागले. त्या तात छेडायच्या, मान कलती करायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. तात चांगली असली तर माझे हात चालू राहायचे. खराब असली तर मी हात थांबवायचे. बस, एवढंच. मामा दोन हातांच्या अंतरावर पीळ देत उभे असायचे आणि त्यांना काही कळायचं नाही. सुरुवातीला मी चुकायचे. मग आत्याबाईंनी मला शिकवलं. त्यांना जे ऐकू येत नव्हतं ते त्या मला शब्दांत सांगायच्या: अशी वाजली तर ओल राहिलीय, अशी वाजली तर एक पदर सैल आहे, अशी वाजली तर टाकून दे. त्यांचे सगळे आवाज त्यांच्या डोक्यात शाबूत होते.

माझ्या आयुष्यातली ती चांगली वर्षं होती, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मला वासाची सवय झाली. मुलगी झाली त्या बाळंतपणाला मी नांदगावला गेले, तेव्हा आत्याबाईंनी दोन महिने डोळे दुखतात म्हणून कामाला हात लावला नाही, आणि मी आल्यावर साठलेल्या ताती आम्ही आठवडाभर बसून ऐकल्या. आत्याबाई मुलीला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसायच्या. पाळण्यात बाळ रडलं तर मी नुसती भुवई वर केली की त्या पाळणा हलवायच्या. लोक म्हणायचे, ह्या सासू-सुनेचं काय जमतं.

सिन्नरला खोली घ्यायचं माझ्याच मनात आलं. ह्यांनी कधी म्हटलं नव्हतं. देवळालीहून सिन्नर म्हणजे बस नाहीतर भरलेली जीप, त्यात पाळ्या. पण ते कारण मी पुढं केलं होतं. खरं कारण माझी मुलगी होती. ती कॅम्पातल्या शाळेत जायला लागली, आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली की मुली तिच्याजवळ बसत नाहीत, तिच्या दप्तराला वास येतो म्हणतात. मी दप्तर नाकाला लावून बघितलं. मला वास आला नाही. माझं नाक कधीच मेलं होतं.

मी ह्यांच्या मागं लागले. धंदा तरी आता कुठं राहिलाय, असं म्हणायचे. ते खोटंही नव्हतं. नाशकात कापूस पिंजायची मशीनं आली होती, फोमच्या गाद्या आल्या होत्या, आणि पिंजाऱ्यांची पोरं खांद्यावर पिंजण टाकून दारोदार फिरायला तयार नव्हती. मामांच्या हातात पूर्वीच्या निम्मं काम उरलं होतं. पण जे उरलं होतं, ते ऐकायला मी लागत होते, हे मला माहीत होतं. आणखी कुणालाही माहीत नव्हतं.

मी आत्याबाईंना आधी सांगितलं. तोंडासमोर तोंड करून, सावकाश बोलले, कारण तोपर्यंत माणसांचं बोलणंही त्यांना अर्धं ओठांवरूनच कळत होतं.

"मग तुमचं कसं होईल?" मी विचारलं.

त्या म्हणाल्या, "माझं मी बघीन. दातानं कळतं मला, दोरी थरथरती ती." मग माझ्या मुलीच्या केसांतून हात फिरवत म्हणाल्या, "पोरीला चांगल्या शाळेत घाल."

दातानं कळतं, यावर मी विश्वास ठेवला. मला ठेवायचा होता.

सिन्नरची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. सकाळी ऊन आत यायचं आणि नळ घरातच होता. मुलीला मैत्रिणी झाल्या. मी एका बालवाडीत शिकवायला लागले. सुरुवातीला आम्ही दर रविवारी देवळालीला जायचो, मग एकाआड एक, मग सणावाराला. मी गेले की आत्याबाई चहा झाल्याबरोबर मला मागच्या अंगणात न्यायच्या. तिथं ताती बांधून ठेवलेल्या असायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत. छेडायच्या आणि माझ्याकडं बघायच्या. माझ्या हातात आता गहू नसायचे, म्हणून मी नुसती मान हलवायचे.

एका रविवारी आम्हाला निघायला उशीर झाला. सिन्नरची जीप कोपऱ्यावर भरत होती, हे मला हाका मारत होते, मुलीचा दुसऱ्या दिवशी पेपर होता. आत्याबाई जुडी घेऊन बसल्या होत्या, वीसेक ताती असतील. मी सात-आठ ऐकल्या. मग पदर खोचून उठले आणि म्हटलं, "बाकीच्या चांगल्याच असतील."

त्यांना ते कळलं की नाही, मला सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली. मी पाया पडले आणि पळत जाऊन जीपमध्ये बसले.

त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी शेजारच्या दुकानात फोन आला. जुन्या नाशकातल्या एका पिंजाऱ्याच्या हातात तात तुटली होती. हा माणूस मामांकडं तीस वर्षं येत होता. सगळे त्याला चाचा म्हणायचे, आणि आत्याबाईंना तो भाभी म्हणायचा. ताणलेली तात तुटते तेव्हा तिचं टोक चाबकासारखं येतं. त्याच्या उजव्या डोळ्यात लागलं. सिव्हिलमध्ये नेलं होतं. डोळा वाचला नाही.

आम्ही दोघं देवळालीला गेलो. चाचा दवाखान्यातून घरी आल्यावर एकदा, आम्ही तिथं असतानाच, स्वतःच आला, डोळ्यावर पांढरी पट्टी, हात धरून त्याचा मुलगा. तो भांडायला आलेला नव्हता. ओट्यावर बसून पाणी प्याला. मामांनी हात जोडले तर त्यानं त्यांचे हात खाली केले आणि म्हणाला, "तात आहे, तुटणारच. आपकी कौनसी दुश्मनी थी." मग दाराशी उभ्या असलेल्या आत्याबाईंकडं वळून म्हणाला की भाभी, मनाला लावून घेऊ नका. तो मान खाली घालून बोलत होता, ओठ दिसत नव्हते. त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्या उत्तर न देता उभ्या राहिल्या. चाचा थोडा वेळ थांबला आणि उठला.

तो गेल्यावर मामा आत आले. आवाज न चढवता बोलणारा माणूस होता तो, आणि त्या दिवशीही त्यांनी आवाज चढवला नाही.

"तो आंधळा झाला तुझ्यामुळं," ते आत्याबाईंना म्हणाले, "आणि तुला दोन शब्द बोलवंना."

हे मात्र त्या समोरून बघत होत्या. त्यांना सगळं कळलं. मी बघितलं ना, मामांच्या ओठांकडं लागलेली त्यांची नजर. त्या आत गेल्या, ताती बांधायची सुतळी, गोणपाटाचे तुकडे, तेलाची वाटी, सगळं आणून मामांच्या पायाशी ठेवलं आणि मागं वळल्या. त्या वळताना माझ्याकडं बघतील असं मला वाटलं. नाही बघितलं.

मी तिथंच होते. चार पावलांवर. मी सांगू शकले असते. वचन दिलं होतं म्हणून गप्प राहिले, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं. पण वचन हे निम्मं कारण होतं. मी तोंड उघडलं असतं तर मामांनी पुढचं विचारलं असतं: मग त्या जुडीतल्या ताती कुणी ऐकल्या होत्या? तुटलेली तात न ऐकलेल्या बारांतली होती, की ऐकलेल्या सात-आठांतली, की त्यानंतर आत्याबाईंनी एकटीनं निवडलेली, हे मला आजही माहीत नाही. कळायला काही मार्ग नव्हता.

त्या दिवसानंतर आत्याबाई मागच्या अंगणात गेल्या नाहीत. मामांनी काही महिने धंदा ओढला. भाभींचा हात नाही म्हटल्यावर उरलेले पिंजारीही कमी झाले. पेठचा म्हातारा आला तेव्हा त्याला देण्यासारखी बारीक तात घरात नव्हती, तो तसाच परत गेला. मग मामांनी चाक सोडून माळ्यावर टाकलं आणि कॅम्पात एका गोदामावर राखणदारीला लागले.

आत्याबाई बोलेनाशा झाल्या. शेजारणी हाक मारायच्या, त्यांना ऐकू यायचं नाही. बायका म्हणायच्या, माणूस आंधळा केला तरी घमेंड बघा. मामा एकदा सांगून उत्तर आलं नाही की दुसऱ्यांदा सांगायचे नाहीत. दोन माणसांच्या घरात आठवडे-आठवडे कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी जायचे तेव्हा त्या माझ्या मुलीला जवळ घ्यायच्या, मला चहा द्यायच्या. मी बोटांनी, ओठांनी काही सांगायला लागले की नजर दुसरीकडं न्यायच्या. तेवढं एक दार त्यांनी लावून घेतलं होतं.

दोन वर्षं अशी गेली. शेवटी मी ह्यांना सांगितलं. सगळं नाही सांगितलं, एवढंच म्हटलं की आईंना ऐकू येत नाही असं मला वाटतं, कानांच्या डॉक्टरकडं न्यायला हवं. आम्ही चौघं नाशिकला गेलो. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि कागदाकडं बघत मामांना म्हणाले की हे आजचं नाही, दहा-बारा वर्षांपासून हळूहळू गेलेलं आहे, घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही.

मामांनी बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं. मग ते माझ्याकडं वळले. ह्यांच्याकडं नाही, माझ्याकडं. त्या सगळ्या दुपारी मी समोर बसून धान्य का निवडायचे, हे त्यांना त्या खुर्चीवर बसल्या बसल्या उमगलं असावं.

"तुला ठाऊक हुतं," ते म्हणाले.

मी हो म्हटलं.

त्यावरून त्यांनी मला बोल लावला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही. परतीच्या बसमध्ये ते आत्याबाईंच्या शेजारी बसले, जे ते कधी बसत नसत, आणि पूर्ण रस्ता त्यांच्या हातावर हात ठेवून बसले होते. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी हात काढून घेतला नाही, पण वळूनही बघितलं नाही.

कानाचं मशीन आणलं. त्यात त्यांना भांड्यांचा, मोटारींचा, सगळ्यांचा एकच कल्लोळ ऐकू यायचा. बरीच वर्षं बंद राहिलेले कान आता बोलणं वेगळं काढू शकत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. चार-पाच दिवसांनी त्यांनी ते काढून ठेवलं. मामा मग समोर बसून मोठमोठ्यानं बोलायचे, भाजी काय करायची, पाणी आलं का, पाय दुखतो का. पूर्वी वर्षभरात बोलले नसतील तेवढं बोलायचे. एकदा मी गेले असताना मला म्हणाले, "जे बोलायला पायजे ते तोंडातून निघत नाय गं. भाजीचंच निघतं." आणि पंच्याने डोळे पुसले.

मशीन आणल्यानंतरच्या तिसऱ्या हिवाळ्यात आत्याबाईंना न्यूमोनिया झाला. सहा दिवस दवाखान्यात होत्या. मी रजा घेऊन त्यांच्याजवळ राहिले. शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी त्या जाग्या होत्या. मी समोर बसले, ओठ नीट हलवत म्हटलं की त्या रविवारी मी सगळ्या ताती ऐकल्या नाहीत, माझं चुकलं. त्यांनी बघितलं. पण तापात त्यांची नजर माझ्या ओठांवर होती की नुसती माझ्याकडं होती, हे मला ठरवता आलं नाही. त्यांनी पाणी मागितलं, मी चमच्यानं दिलं.

तेराव्यानंतर मी एकटीच जुन्या नाशकात चाचाच्या घरी गेले. त्याचा मुलगा आता मशीनवर कापूस पिंजत होता, आणि चाचा एका डोळ्यानं गाद्यांच्या कडा शिवत बसला होता. मशीनच्या आवाजात बोलता येईना, म्हणून तो मला बाहेर ओट्यावर घेऊन आला. मी त्याला सगळं सांगितलं, कुकरपासून जीपपर्यंत.

"भाभी उस दिन चुप खडी थी," तो शेवटी म्हणाला, "मी घरी जाऊन मुलाला म्हटलं, पत्थर आहे ही बाई. चार वर्षं तेच म्हणत होतो." बोटांत धरलेली सुई त्यानं सदऱ्याला खोचली. "तू त्या सगळ्या ऐकल्या असत्या, तर ही तुटणारी कळली असती का तुला?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

त्यानं मान हलवली. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. आतून सून चहा घेऊन आली. चहा पिऊन झाल्यावर तो उठला आणि राहिलेली कड शिवायला आत गेला. मी स्टँडवर आले आणि सिन्नरची बस लागलेली होती त्यात बसले.